‘भाट’ या शब्दाविषयी : गेरींच्या समाधीवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल सेमेटरी या दफनभूमीत असलेल्या, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष एल्ब्रिज गेरी यांच्या समाधीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्या गव्हर्नरच्या सहीने 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मतदारसंघ पक्षाच्या सोयीने कापले गेले आणि ज्याच्या नावावरून ‘जेरीमँडर’ हा शब्द रूढ झाला, त्याच्या थडग्यावर कर्तव्याचे वचन कोरणे ही सारवासारव आहे, असे आपण म्हणता. गेरी वारले तेव्हा कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत, आधीच जळाले होते, हेही आपण दाखवून दिले आहे. आणि शेवटी विचारले आहे, ‘असे दगड वाचून गहिवरणाऱ्याला लेखक म्हणावे की भाट?’

कॅपिटॉलविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. ब्रिटिश सैन्याने 24 ऑगस्ट 1814 रोजी त्या इमारतीला आग लावली होती आणि 23 नोव्हेंबरला, म्हणजे गेरी वारले त्या दिवशी, सिनेटचे कामकाज ब्लॉजेट्स हॉटेलच्या इमारतीत चालत होते. ‘कॅपिटॉलकडे जाताना’ हे शिलालेखातले शब्द मी जसेच्या तसे उचलले, ही माझी चूक झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. आपले आभार.

‘भाट’ या शब्दावरून मात्र मी पुढे जाऊ शकत नाही. भाट बिदागीसाठी गातो, आणि ज्याच्या दारात तो गातो तो धनी हयात असतो. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाकडून मला कोणती बिदागी मिळणार, हे आपणच सांगावे. मला निवडणुकीतील लबाडी कळत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवडणुकीच्या कामावरून ते रात्री उशिरा घरी येत, तेव्हा त्यांच्या बोटांना लाखेचा वास येत असे. एका निवडणुकीत गावच्या पुढाऱ्याची माणसे मतदान केंद्रात शिरली, तेव्हा वडिलांनी मतपेटीवरचा हात काढला नाही, आणि पुढच्याच सत्रात त्यांची बदली नदीपलीकडच्या शाळेत झाली. पावसाळ्यात ते छातीएवढ्या पाण्यातून चालत शाळेत जात. अशा घरात वाढलेल्या माणसाला मताची किंमत शिकवण्याआधी आपण थोडी चौकशी करायला हवी होती.

त्या समाधीसमोर आपण कधी उभे राहिला आहात का? मी त्या शहरात सात वर्षे राहिलो आणि अनेक रविवारी सकाळी तिथे गेलो. वर निमुळता होत जाणारा दगड, माथ्यावर कलश आणि त्यातून निघालेली दगडी ज्योत. उन्ह तिरपे असले की अक्षरे वाचता येतात, एरवी त्यांवरून बोट फिरवावे लागते. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आदेशाने 1823 मध्ये उभारलेल्या या दगडावर गेरी थोर होते, निष्कलंक होते असे कुठेही लिहिलेले नाही. ते उपराष्ट्राध्यक्ष होते, सिनेटचे अध्यक्ष म्हणून कामाला जाताना याच शहरात अचानक वारले, वय 70, एवढेच लिहून त्यांचे एक वाक्य दिले आहे : आयुष्याचा एकच दिवस उरला असला तरी तो देशाच्या भल्यासाठी वाहणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. प्रकृती खालावलेली असताना सत्तरीतला माणूस सकाळी कामासाठी घराबाहेर पडला आणि वाटेतच गेला. याला आपण सारवासारव म्हणता. माझ्या लेखी ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, आणि तिच्यापुढे मी गहिवरलो हे लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

भाटाला गाण्यासाठी सोयीचा नायक लागतो. गेरी कोणाच्याच सोयीचे नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या माणसाने 1787 मध्ये, नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून, संविधानाच्या मसुद्यावर सही करण्यास नकार दिला. अखेरपर्यंत थांबलेल्या प्रतिनिधींपैकी असे करणारे तिघेच होते. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे गेरींच्या आधीचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनाही याच दफनभूमीत पुरले होते, पण 1908 मध्ये त्यांचे अवशेष न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टनला हलवण्यात आले. गेरी इथेच राहिले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी राजधानीत पुरलेले ते एकटेच आहेत. माझा लेख या एकटेपणावर होता, आणि तो आपण पूर्ण वाचला असता तर हे आपल्या लक्षात आले असते.

राहिला 1812 च्या कायद्याचा मुद्दा. त्यावर गेरींनी सही केली, हे मी लेखात लिहिलेच आहे. ते किती ओळींत आणि कितव्या परिच्छेदात यायला हवे होते, यावर वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. नावाच्या उच्चाराविषयीही तेच. शब्द ‘जेरीमँडर’ असा रूढ झाला असला तरी त्या गृहस्थांचे नाव ‘गेरी’च होते, आणि मी तसेच लिहिणार.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ‘भाट’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.