पडदे ओढून दाखवलेली केळीची बाग

आज प्रशिक्षणाच्या सभागृहात खिडक्यांचे पडदे ओढून, दिवे मालवून आम्हा शिक्षकांना केळीची बाग दाखवण्यात आली. वेळापत्रकात ‘क्षेत्रभेट : शेती व अन्नप्रक्रिया उद्योग’ असे स्वच्छ छापलेले होते, आम्ही त्याच तयारीने घरून निघालो होतो, आणि ऐनवेळी सांगण्यात आले की वाहनाची सोय होऊ न शकल्यामुळे ही भेट दृक्‌श्राव्य पद्धतीने पार पडेल. ती तशी पार पडलीही. खानदेशातल्या केळीच्या पट्ट्यात बसून आम्ही केळीची चित्रफीत पाहिली, आणि तीसुद्धा दक्षिणेकडच्या कुठल्या तरी राज्यातली, कारण निवेदकाच्या मागे नारळाची झाडे डोलत होती. बाहेर रस्त्याच्या कडेला घडांनी भरलेला खराखुरा ट्रक उभा होता. शेवटी एक अर्ज भरून मागितला गेला, त्यातला पहिला प्रश्न होता : ‘या भेटीतून आपण काय शिकलात?’ मी तो रकाना कोरा ठेवला आहे. जे लिहायचे ते इथे लिहिते.

मी शिक्षिका आहे, उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरची चूल शेतमजुरीवर, केळीच्या कापणीवर, सरकीवर किंवा डाळीवर पेटते. त्यांना शिकवणाऱ्या माणसाने ही कामे जवळून पाहिलेली असावीत, हे इथल्या माझ्या मित्रमंडळींना पटवून द्यावे लागेल असे मला वाटत नाही. पटवावे लागते ते ज्यांनी वाहनाची सोय करायची असते त्यांना.

काही वर्षांपूर्वी अशीच एक भेट प्रत्यक्षात झाली होती आणि तिथे जे घडले ते मी अजून विसरलेले नाही. आम्ही मृगबागेच्या, म्हणजे जूनच्या सुमारास मृगात लावलेल्या केळीच्या, कापणीला गेलो होतो. बागेचे मालक आम्हाला बांधावर उभे करून ठिबक, ऊतिसंवर्धित रोपे आणि अनुदान यांविषयी व्यवस्थित माहिती देत होते, आणि आम्ही व्यवस्थित माना हलवत होतो. मी जरा आत सरकले तर एका कापणाऱ्या मजुराने मला ओळखले. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. हा गृहस्थ पालकसभेला कधी आलाच नव्हता असे नाही, तो येत असे, पण फाटकाशी उभा राहून परत जात असे. इथे मात्र त्याने मला हाताने खूण करून बोलावले, माझे बोट एका केळ्यावरून फिरवायला लावले आणि म्हणाला, “मॅडम, हाऊ घड अजून भरेल नही.” मग शेजारच्या झाडाशी नेऊन तेच पुन्हा करायला लावले. पहिल्या केळ्याच्या धारा बोटाला टोचत होत्या, दुसऱ्याच्या बोथट होऊन फळ गोलाईवर आले होते. दिल्लीला जाणारा माल कोणत्या धारेवर कापायचा आणि जवळच्या बाजारासाठी किती थांबायचे, हा सगळा हिशोब त्या बोटाच्या टोकावर होता.

आजच्या चित्रफितीत हे नव्हते. तीत लागवडीचे अंतर होते, खताच्या मात्रा होत्या, आणि पार्श्वभूमीला बासरी होती.

मला राग कशाचा येतो, तर आमच्याकडे दाखवण्यासारखे काही नाही अशा थाटात हे चालते याचा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आमची मुले स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून पाठ करतात. भुईमुगाचे जेएल-२४ हे वाण जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात तयार झाले आणि त्यातला ‘जेएल’ म्हणजे जळगाव, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे? अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून जगभर गेली, हे आम्ही भाषणात अभिमानाने सांगतो, पण बियांतून तेल कसे निघते ते वर्गातल्या एकाही मुलाला तेलघाणीसमोर उभे करून दाखवत नाही. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच्या पुढच्याच वर्षी वर्ध्याला हाताने काम करत शिकण्याची नयी तालीम मांडली गेली, आणि आम्ही त्या दोन्ही गोष्टींवर निबंध स्पर्धा घेतो. बसून लिहायच्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्येच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. मुलांना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवा असे त्यात म्हटले आहे, आणि ते उत्तमच आहे. परंतु ज्या शिक्षकाने डाळ मिलचा उंबरा ओलांडलेला नाही तो मुलांना तिथे नेऊन काय करणार? रांगेत उभे करील, हजेरी घेईल, खाऊ वाटील आणि परत आणील.

डाळ मिलचेच घ्या. जळगावची डाळ देशभर जाते, पण तूर आत कशी जाते आणि डाळ बाहेर कशी येते हे पाहिलेले शिक्षक थोडे. आधी चाळणी, मग टरफल सैल व्हावे म्हणून दाण्याला ओरखडे पाडणे, तेलाचा हात, पाण्याचा शिडकावा, वाळवण, आणि मग भरड. एक क्विंटल तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ हाती येते, उरलेल्याची चुनी आणि भुसा होऊन तो गुरांपुढे जातो. शेकडेवारीचा धडा याहून चांगला कुठल्या पुस्तकात आहे? आमच्या पुस्तकातला दुकानदार अजूनही पेन विकतो आणि वीस टक्के नफा कमावतो. ज्या मुलाचा बाप केळीचा भाव क्विंटलमध्ये ऐकतो आणि ज्याची मुंबईची आत्या तीच केळी डझनाने विकत घेते, त्या मुलाला एकक रूपांतर शिकवायला पेन कशाला हवा?

रसायनाचेही तेच. ‘हल्ली सगळी केळी केमिकलने पिकवतात’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर देण्याचेही सोडले आहे. पिकवणगृहात जो वायू सोडतात तो इथिलीन असतो, तोच वायू फळ पिकताना स्वतःही तयार करते, आणि त्याला ठरावीक मर्यादेत कायद्याने परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडला, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असू शकते. वनस्पतींची संप्रेरके आपण शिकवतो, इथिलीनचे नावही फळ्यावर लिहितो, आणि मधल्या सुट्टीत त्याच वायूला विष म्हणतो! एकदा पिकवणगृहाच्या दारात उभे राहून आतला थंडावा अंगावर घेतला, घड हिरवे कधी ठेवले आणि पिवळे कधी काढले ते तिथल्या माणसाला विचारले, तर हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणार नाही.

मान्य आहे, अशा भेटींच्या सहली होतात. निघायला उशीर, वाटेत नाश्ता, आयोजकांचे स्वागत, स्वागताला उत्तर, वेफर्सच्या कारखान्यात वेफर्स खाणे आणि घरासाठी दोन पाकिटे, मग समूह छायाचित्र. हे मी पाहिले आहे आणि वेफर्स मीही खाल्ले आहेत. एकशिक्षकी शाळा त्या दिवशी बंद राहते, हीसुद्धा खरी अडचण आहे. पण सहल होते म्हणून भेटच रद्द करायची आणि पडदे ओढायचे, हा कुठला न्याय?

आणि आता आपल्याच लोकांविषयी, म्हणजे आम्हा शिक्षकांविषयी, लिहिते. कोणाला राग आला तर येऊ द्या. आज चित्रफीत लागली तेव्हा सभागृहात एक सुटकेचा निःश्वास पसरला. ऊन टळले, चिखल टळला, चार वाजता मोकळे होणार. शेतकऱ्यांच्या पोटी जन्मलेली माणसे आम्ही, आमच्यातल्या निम्म्यांच्या नावावर अजून सातबारा आहे, आणि शेताच्या बांधावर जायचे म्हटले की आम्हाला कपडे आठवतात. केळीचा चीक कपड्याला लागला की तो काळा डाग धुतल्याने जात नाही, हे खरे आहे. त्या मजुराच्या सदऱ्यावर इतके डाग होते की मूळ रंग कोणता ते ओळखू येत नव्हते, आणि मुलीच्या शाळेच्या फाटकापासून तो मागे का वळत असे हे मला त्या बागेत उभे राहिल्यावर समजले.

त्याची गोष्ट अजून थोडी आहे. भेटीनंतरच्या एका दप्तरमुक्त दिवशी मी त्याला शाळेत बोलावले. मुख्याध्यापकांनी विचारले की याला काय सांगता येणार, आणि शाळेत कोयता आणायचा नाही. कोयता आणला नाही. त्याने खांद्यावर ठेवायची चुंबळ आणली आणि दोन फण्या आणल्या, एक भरलेली आणि एक अपुरी. घड जमिनीवर का टेकवायचा नाही, हिरव्या सालीवर न दिसणारा मार पिकल्यावर काळा होऊन कसा दिसतो, एकाने कापताना दुसऱ्याने घड खांद्यावर कसा झेलायचा, हे त्याने अहिराणीत सांगितले आणि मुलांनी माझ्या तासाला कधी विचारले नव्हते इतके प्रश्न त्याला विचारले. एकाने मजुरी विचारली. त्याने ती सांगितली, आणि गाडी भरली नाही तर दिवस कसा रिकामा जातो तेही सांगितले. त्याची मुलगी पहिल्या बाकावर बसली होती, एरवी ती तिसऱ्यावर बसते.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे. वाहनाची सोय न होणे हा काही कट नसतो, कोणाचा तरी कागद कुठेतरी अडकलेला असतो, आणि ज्या साहेबांनी आज पडदे ओढायला लावले त्यांच्यावरही वरून छायाचित्रांची मागणी असणारच. तरीही माझे म्हणणे सोडत नाही. भेट द्यायची तर मालकाच्या कार्यालयात आणि आदर्श प्लॉटवर नको. मालकाशी बोलावे, त्याचा तोटाही ऐकावा. मे महिन्याच्या झळांनी बाग होरपळली की काय उरते, कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने रोपे उपटून टाकावी लागली की कर्जाचे काय होते, विम्यासाठी तापमानाचे किती दिवस मोजले जातात, हे त्याच्याकडूनच कळेल. पण निम्मा वेळ तरी कापणाऱ्याला, डाळ निवडणाऱ्या बाईला आणि कढईपुढे उभ्या असलेल्या कारागिराला मिळाला पाहिजे, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी मालकाचा माणूस उभा नसावा. त्यांचा खाडा होणार असेल तर त्याचे पैसे द्यावेत. वक्त्याला मानधन मिळते, मग त्यांना का नको?

म्हणून सरकारी वाहनाची वाट न पाहता आम्ही काही जण रविवारी स्वतःच्या खर्चाने निघायचे ठरवत आहोत. माझ्या मित्रयादीत ज्यांची डाळ मिल, सरकीची तेल मिल, पिकवणगृह किंवा वेफर्सचा कारखाना आहे त्यांनी कृपया कळवावे. फक्त काम चालू असतानाच्या वेळा कळवाव्यात, सुट्टीच्या दिवशी बंद यंत्रे पाहण्यात आम्हाला रस नाही. बामणोदकडच्या कोणी भरिताच्या वांग्याची तोडणी दाखवली तर हिवाळ्यात तिकडेही येऊ, आणि काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला लागलीच तर नाही म्हणणार नाही. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर डिसेंबरच्या अखेरीस जाण्याचा विचार आहे, तिथे देठ खुडणाऱ्या बायकांशी बोलायचे आहे, तेव्हा ज्यांना अहिराणी किंवा भिली येते अशा शिक्षकांनी आधी नावे द्यावीत. मिरचीचा ठसका सोसत नसेल त्यांनी नाकाला बांधायला ओला रुमाल आणावा. सत्काराचे नारळ आणि शाली कोणीही आणू नयेत.