आईचा फोन आधी मशीन उचलतं, त्याबद्दल

गेल्या चवथीत घरी आलेल्या निम्म्या पाहुण्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "आईच्या फोनला ते काय लावून ठेवलंयस?" उरलेल्यांनी विचारलं नाही. पण त्यांनी फोन केला होता, मशीनचा आवाज ऐकला होता आणि रागाने ठेवून दिला होता, हे तोंडावरच दिसत होतं. एका मावसभावाने तर नेवऱ्या खाता खाता ऐकवलं, "तुम्ही आता साहेब झालात, सेक्रेटरी ठेवलीत." म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहितो. लांब होईल. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचा: फोन वाजला की आईने लगेच उचलू नये, कोण बोलतंय ते आधी ऐकावं, माणूस आपला असेल तर मग उचलावा. एवढ्यासाठी ते आन्सरिंग मशीन, म्हणजे आपणहून फोन उचलून समोरच्याचं बोलणं रेकॉर्ड करणारं खोकं, आहे. निरोप घेण्यासाठी नाही. निरोप घेण्यात ते तेव्हाही नापास होतं आणि आताही नापास आहे.

तेव्हा म्हणजे १९९३ साली. मामा मस्कतला होता. दर दोन वर्षांनी यायचा तेव्हा ब्लँकेट, दुधाची पावडर, अत्तराच्या बाटल्या असा ठरलेला माल असायचा. त्या वर्षी बॅगेतून हे काळं खोकं निघालं. आमच्याकडे फोन येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नाव नोंदवून इतकी वर्षं थांबलो होतो की फोन आल्यावर आईने त्याला लोकरीचं झाकण विणलं. आणि आता तो फोन आम्ही नसताना आपणहून बोलणार होता! मशीनमध्ये काडेपेटीएवढ्या दोन कॅसेट होत्या. एकीत आमचं बोलणं, दुसरीत समोरच्याचं. प्लग आखाती, जाड चौकोनी पिनांचा, म्हणून फोंड्याहून अॅडाप्टर आणावा लागला. तेवढे दोन दिवस मशीन दिवाणखान्यात देवासारखं नुसतं बसून होतं.

बाबा मराठी शाळेत मास्तर. आम्ही गोव्याचे, घरात कोंकणी बोलतो, पण लिहायचं वाचायचं मराठीत. मशीनवर बोलणं म्हणजे बाबांच्या मते लिहिण्यातच जमा. त्यामुळे त्यांनी आधी कागदावर मसुदा केला, दोनदा खोडला आणि मग घसा साफ करून बोलले, "नमस्कार. आम्ही सध्या घरी नाही. टूं असा ध्वनी होताच आपले शुभनाम व निरोप सांगावा, ही विनंती." शेजारच्या काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, घरी नाही हे अख्ख्या गावाला कशाला सांगता? चोरांना आवतण देताय काय?" मुद्दा बिनतोड होता. मग "घरी नाही"च्या जागी "दूरध्वनी घेणे शक्य नाही" आलं.

इतकं करून लोक काय करायचे? एक, ठेवून द्यायचे. दोन, बाबांशीच बोलायला लागायचे. आवाज तर मास्तरांचा, मग मास्तर ऐकत कसे नाहीत? कॅसेटवर असे कितीतरी निरोप होते: "हॅलो मास्तर! हॅलो! हांव उलयतां (मी बोलतोय)! मास्तर?" आणि मग मागे कुणालातरी, "आवाज येता, पूण आयकना." नाव नाही, निरोप नाही, नंबर नाही. टूं वाजायच्या आधी लोक सगळं सांगून मोकळे व्हायचे आणि टूं वाजल्यावर गप्प बसायचे.

खरी गंमत पैशांची होती, ती आजच्या मुलांना समजवावी लागते. तेव्हा फोन उचलला गेला की करणाऱ्याचे पैसे सुरू, मग तो माणसाने उचलो की मशीनने. बेळगावची मावशी एसटीडी बूथवरून फोन करायची. समोर तांबड्या आकड्यांचा मीटर पळताना दिसायचा. ती बाबांचं शुद्ध मराठी पुरतं ऐकून घ्यायची, तोवर मीटर बराच पुढे गेलेला. भेटली की पहिलं वाक्य, "तुमच्या मशीनशी बोलायला मी पैसे भरायचे?" तिचं अजिबात चुकत नव्हतं. आपल्याकडे निरोपाची फुकट पद्धत आधीपासून होतीच: पोचलो की दोन रिंग देऊन ठेवायच्या. न उचललेला फोन हाच निरोप. फोन उचलणारं मशीन तो निरोप मारून टाकतं.

त्यात मी शहाणपणा केला. मशीनला 'टोल सेव्हर' नावाची सोय होती. नवा निरोप असेल तर ते दुसऱ्याच रिंगला उचलायचं, नसेल तर चौथ्या. म्हणजे आपण बाहेरून आपल्याच घरी फोन लावला आणि तिसरी रिंग वाजली की समजायचं, काही नाही, ठेवून द्या, पैसे वाचले. युक्ती करणाऱ्याच्या डोक्याला सलाम. मी ती सुरू केली. त्याच संध्याकाळी मावशी बेळगावला पोचली आणि ठरल्याप्रमाणे दोन रिंग द्यायला गेली. मशीनमध्ये नेमका एक निरोप पडलेला. दुसऱ्या रिंगला नमस्कार! तिच्या पैशांवर आमची बचत. पुढची दोन वर्षं ती पोचल्याचं पत्राने कळवायची.

आणि ते टूं टूं. समोरच्याने फोन ठेवला की लाइनमधला प्रवाह क्षणभर तुटतो, तो धागा धरून थांबायचं, अशा बेताने ते मशीन बनवलेलं होतं. आमच्या लाइनवर तसं काही व्हायचं नाही, नुसता एंगेजचा आवाज यायचा. मशीन बिचारं तो इमानदारीत कॅसेटवर भरत राहायचं. दिवसभर फोंड्यात काढून घरी यावं आणि अर्धा तास टूं टूं टूं ऐकावं, असा आमचा निरोपांचा कार्यक्रम असायचा. शेवटी मे महिन्यातल्या एका वळवाच्या पावसात वीज लाइनवरून आत आली आणि मशीन आणि फोन दोन्ही घेऊन गेली. आई म्हणाली, "बरं झालं." लोकरीचं झाकण मात्र तिने धुऊन जपून ठेवलं.

(बाबांच्या आवाजाची ती कॅसेट अजून आहे का, असं कुणीतरी विचारणारच. नाही. आमच्या पावसाळ्यात बुरशी पुस्तकं सोडत नाही, कॅसेट कुठली सोडणार?)

ही कल्पना काही मस्कतच्या दुकानात जन्मली नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोउलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाने आवाज साठवायचं यंत्र काढलं. घरी कुणी नसताना फोनवरचा निरोप साठवून ठेवता यावा, हा त्याच्या डोक्यातल्या उपयोगांपैकी एक होता. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने त्यावर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, फ्रान्झ योझेफचा आवाज घेतला. तो आजही ऐकता येतो. (तारेला बुरशी लागत नसावी.) पुढे अमेरिकेत १९३०च्या दशकात बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत असं यंत्र चांगलं चालायला लागलं होतं, पण कंपनीनेच ते दाबून ठेवलं. धास्ती अशी की आपलं बोलणं कुठेतरी साठतंय हे कळलं तर लोक फोनवर मोकळं बोलणारच नाहीत. मला हे वाचून हसू आलं नाही, कारण आई अगदी हेच म्हणते.

आता आजचं. आई एक्याऐंशी वर्षांची, म्हार्दोळला एकटी राहते, मी पर्वरीला. मोबाईल आहे, तो चार्जिंगला लावून कपाटात ठेवलेला असतो. तिचा खरा फोन म्हणजे घरचा. तो नंबर, मध्ये पुढे लागलेला एक २ सोडला तर, तीस वर्षं तोच आहे आणि सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. दुर्दैवाने आता तो बाकीच्यांनाही पाठ झालाय. दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा. तुमच्या नावाने पार्सल आलंय, त्यात ड्रग्ज सापडले. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना 'डिजिटल अटक' म्हणून दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं, जेवायलासुद्धा विचारून उठायचं. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. २०२४च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. फसलात तर १९३० वर लगेच फोन करा, हेही सगळीकडे सांगतात. पण वाजणारा फोन उचलायचाच, दारात आलेल्याला या म्हणायचंच, अशा वळणात वाढलेल्या बाईला हे फोन उचलल्यानंतर आठवून काय उपयोग?

म्हणून पुन्हा मशीन आणलं. या खेपेला कॅसेट नाही, चिप आहे, आणि कॉर्डलेस हँडसेट. कुणी घेणार असेल तर माझ्या अनुभवातलं सांगतो.

पहिली गोष्ट, स्पीकर. निरोप रेकॉर्ड होत असतानाच तो खोलीत मोठ्याने ऐकू आला पाहिजे आणि मधेच रिसीव्हर उचलला तर रेकॉर्डिंग थांबून बोलणं सुरू झालं पाहिजे. हे नसेल तर ते मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. मोबाईल कंपनीची व्हॉइसमेल इथेच तोकडी पडते. तिथे बोलणं कंपनीकडे जातं, घरात ऐकू येत नाही. आमच्याकडे आई भाजी चिरत असते, खोलीत भाचीचा आवाज येतो, "मामी, मी गो," आणि आई सुरी ठेवून उठते.

मग रिंगांची संख्या. मशीनने किती रिंगांनी उचलावं हे ठरवता येतं. आपल्याकडची जोडरिंग धरली तर एक फेरा साधारण तीन सेकंदांचा. म्हाताऱ्या माणसाच्या घरी लोक जास्त रिंगा ठेवतात, गुडघे धरून यायला वेळ मिळावा म्हणून. मीही आधी आठ ठेवल्या. चूक! चोवीस सेकंद वाजणारा फोन आईला बसू देत नाही, ती धडपडत येतेच, आणि मशीनच्या आधी पोचते. आता दोन ठेवल्यात. सहा सेकंदांत मशीन उचलतं, घंटा थांबते, आईची घाई संपते. मावशी असती तर भांडली असती, पण आता बहुतेकांना बोलायचे वेगळे पैसे पडत नाहीत.

वीज हा मोठा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. जुन्या तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजकडून अठ्ठेचाळीस व्होल्टचा प्रवाह यायचा. घरातले दिवे गेले तरी साधा फोन चालू असायचा. आता फायबर आहे. काचेच्या तारेतून आकाशातली वीज आत येत नाही, हे मान्य, पण घरातली गेली की फायबरचा डबा बंद, मशीन बंद, फोनही बंद. आणि पावसाळ्यात म्हार्दोळला वीज किती वेळा जाते हे काय सांगायला हवं? डबा आणि मशीन दोन्ही एका छोट्या यूपीएसवर टाकलेत. त्याशिवाय हा खटाटोप करू नये.

नंबर दिसण्याची सोय उपयोगाची, पण तिच्यावर विसंबू नका. जाहिरातीचे फोन १४०ने, बँका-विम्यासारखे १६००ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत अशी व्यवस्था केलेली आहे. ठग काही व्यवस्थेने चालत नाहीत, आणि आईला तो बारका आकडा चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

निरोप म्हणाल तर अर्ध्याहून जास्त मुके. पण बाकीच्यांत रत्नं असतात. रेकॉर्ड केलेले ठगांचे फोन टूं वाजायची वाट बघत नाहीत, मशीनने उचललं रे उचललं की सुरू होतात. इकडे आमचा नमस्कार, तिकडे त्यांची धमकी, दोघंही एकाच वेळी बोलतात. टूं झाल्यावर आपल्याकडे फक्त शेपूट उरतं: "...नऊ दाबा." मग ते आमच्या दाबण्याची वाट बघतं आणि आमचं त्याच्या बोलण्याची. आई पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तरीही दोन महिने तिला मशीन पटलं नव्हतं. ठगांची भीती तिला माझ्याहून जास्त, म्हणून भांडण त्यावरून नव्हतंच. ते होतं माझ्या आवाजातल्या रेकॉर्डिंगवरून. मी बाबांचीच ओळ लावली होती, फोन घेणे शक्य नाही वगैरे. "मी इथे खुर्चीवर बसलेय, ऐकतेय, आणि तू माझ्या वतीने खोटं सांगतोस," ती म्हणाली. "माणूस दारात आला तर आपण खिडकीतून विचारतो ना, कोण म्हणून? लपून बसतो काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मग तूच बोल. तिने कागदबिगद घेतला नाही. बटण दाबून धरायला मला सांगितलं आणि खिडकीतून बोलावं तशा आवाजात म्हणाली, "कोण तें नांव सांग. हांव आयकतां."

तेव्हापासून लोक नाव सांगायला लागले. मावसभावानेसुद्धा परवा सांगितलं, गुपचूप, पूर्ण आडनावासकट.

काल दुपारी मी पर्वरीहून फोन केला. दोन रिंगा झाल्या, आईचा आवाज आला, टूं वाजलं. मी सवयीने म्हटलं, "अगो, जेवलीस?" आणि थांबलो. पलीकडे काहीच नाही. परत म्हटलं, "हॅलो?" रात्री विचारलं तर म्हणाली, "आवाज तुझ्यासारखाच होता. पण नाव सांगितलं नव्हतंस."