गाईड वेगळा, मेंटॉर वेगळा हवा

एमडीच्या पहिल्या वर्षी थिसिसचा गाईड मिळतो तो विभागाच्या यादीवरून. चांगला मिळाला तर तीन वर्षं निभावतात. पण थिसिसवर सही त्याची, लॉगबुकवर सही त्याची, अनेकदा ड्यूट्याही तोच लावणार. त्याच्यापुढे ‘सर, हे स्टॅटिस्टिक्स मला कळलंच नाही’ किंवा ‘मला ओपीडीपेक्षा शिकवण्यात जास्त रस आहे’ असं म्हणायला रेसिडेंटची जीभ रेटत नाही. मी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते आणि हे दर बॅचला बघते. ज्याच्या हातात आपली सही, त्याच्याकडे मन मोकळं करता येत नाही. म्हणून मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारा अनुभवी ज्येष्ठ, बाहेरचा हवा. दुसऱ्या विभागातला, जमल्यास दुसऱ्या कॉलेजातला.

हे होऊ शकतं. मुंबईत जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये डॉ. अविनाश सुपे यांच्या नेतृत्वाखाली 2005 साली फायमर या वैद्यकीय शिक्षणात काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचं प्रादेशिक केंद्र सुरू झालं. पुढे लुधियाना आणि कोइमतूरलाही झालं. वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांची फेलोशिप, नोकरी सांभाळून करायची. प्रत्येकाने आपल्या कॉलेजात शिक्षणाचा एक प्रकल्प राबवायचा, मधल्या काळात ईमेलवर चर्चा. तिथे प्रश्न विचारणारे ज्येष्ठ ठिकठिकाणच्या कॉलेजांतले. तुमचा गोपनीय अहवाल त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे माणूस खरं बोलतो.

मला घडवणाऱ्या मॅडमही दुसऱ्या कॉलेजच्या. माझ्या पहिल्या पेपरची प्रस्तावना त्यांनी पेन्सिलीने दीड पान उडवली आणि समासात लिहिलं, ‘हा प्रश्न आशा सेविकांना पडलाय की तुला?’ त्या एका ओळीने माझ्या संशोधनाची दिशाच बदलली. लेखकांच्या यादीत त्यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. त्याआधी एका विभागात, प्रश्नावली उघडूनही न पाहिलेल्या वरिष्ठांचं नाव माझ्या कामावर पहिलं लागलं होतं. हा फरक मी विसरू शकत नाही.

2019 मध्ये एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून मेंटॉर-मेंटीच्या याद्या लागतात. चांगलंच आहे. पण तरुण शिक्षकांचं काय? असिस्टंट प्रोफेसर झाल्यावर पेपर कुठे पाठवायचा, नको ती कमिटी कशी नाकारायची, बाळंतपणानंतर थांबलेलं संशोधन परत कसं उभं करायचं, हे कोण सांगणार? बाईला तर हे विचारायला जागाच नसते.

बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स मागितला जातो. दुसऱ्या कॉलेजातल्या ज्युनिअरसाठी दिलेला वेळही मोजा. विद्यापीठाने बाहेरच्या मेंटॉरची सोय करावी, आणि सुरुवात यंदाच्या नव्या असिस्टंट प्रोफेसरांपासून व्हावी.