सागरी महामार्गावरून जाणाऱ्यांस सूचना

टायरमधली हवा नंतर बघा. आधी मनातला 'महामार्ग' हा शब्द जरा सैल करून घ्या. कोकणातला रेवस ते रेड्डी हा रस्ता नकाशावर किनारा धरून एकसलग जातो, कारण नकाशाला ओलं व्हावं लागत नाही. १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुल्यांनी त्याचं स्वप्न पाहिलं. स्वप्नं जपून वापरली की टिकतात, तेव्हा घाई नको.

हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला आलात की रस्ता थेट सावित्रीच्या खाडीत उतरतो. तुम्ही उतरू नका. पलीकडे वेश्वी दिसेल, मध्ये फेरीबोट दिसेल. ती नुकतीच सुटलेली असेल. ती नेहमी नुकतीच सुटलेली असते. वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब पाहून सरकारला नावं ठेवायचा मोह होईल, तो आवरा. बगळ्यांना बसायला जागा करून देणं हेसुद्धा सार्वजनिक बांधकामच. राग अनावर झालाच तर आंबेत-म्हाप्रळमार्गे वळसा घालून वेश्वीला या. पोहोचेपर्यंत तो निवतो.

बोटीवर गाडी उलटी चढवायची वेळ आली तर तुमच्या सेन्सरची पिप-पिप बंद ठेवा. खलाशी 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो तेवढं ऐका. 'बस' तो जरा उशिराच म्हणतो, पण म्हणतो.

दाभोळहून धोपावे, मग तवसाळहून जयगड, असं बोटीने वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या ओलांडून झालं की तुम्हाला आपण दर्यावर्दी झाल्यासारखं वाटेल. गर्व नको. पुढे गावातून रस्ता चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधून, जातो आणि समोरून एसटी येते. मागे कोणी जायचं हा वाद घालू नये. ज्याची गाडी लहान आणि नंबरप्लेट लांबची, त्याने जायचं. ही तरतूद कुठल्या कायद्यात आहे ते कंडक्टरला विचारू नका, तो सांगेल.

मोबाइल पोहोचण्याची वेळ मिनिटांत सांगतो. बिचाऱ्याला भरती-ओहोटी कळत नाही. त्याच्या भरवशावर शेवटची बोट चुकली, तर जेटीवर गाडी बंद करा आणि दिवे उघडझाप करून पलीकडे खुणा करू नका. पलीकडेही एक गाडी उभी असते. तीही दिवे उघडझाप करत तुम्हालाच विचारत असते, बोट तिकडे आहे का म्हणून.