बंड्या छायाचित्रकार

कुत्र्याला फोटोग्राफर करायचं खूळ डोक्यात शिरायला फार काही लागत नाही, घरात एखादा ॲक्शन कॅमेरा धूळ खात पडलेला असला की पुरतं. आमच्याकडे कॅमेरा होता आणि बंड्या होता. बंड्या म्हणजे आमचं गावठी कुत्रं, रंग चहाचा आणि स्वभाव सरकारी. त्यात मी कुठेतरी वाचलेलं की 1908 साली जर्मनीत नॉयब्रोनर नावाच्या औषधवाल्याने कबुतरांच्या छातीवर कॅमेरे बांधून वरून फोटो काढायचं पेटंट मिळवलं होतं, आणि 2015 मध्ये तर निकॉनने कुत्र्याच्या छातीचे ठोके वाढले की आपोआप फोटो निघेल असा पट्टाच करून दाखवला. म्हटलं कबुतराला जमतं तर आमच्या बंड्याला का नाही?

तर कबुतर कॅमेरा चाटत बसत नाही म्हणून.

पट्टा पाठीवर बांधला तर प्रत्येक फोटोत दोन कान आणि त्यांच्या मधून उरलंसुरलं जग. छातीवर बांधला तर कॅमेरा असा काही डुलतो की बघणाऱ्याला मळमळावं. शेवटी छातीवरच घट्ट आवळला, दर पाच सेकंदांना एक फोटो असं सेटिंग करून तळजाईला फिरवून आणला आणि संध्याकाळी अख्ख्या घराला टीव्हीसमोर बसवलं. माती. परत माती. एका स्कूटीचं मागचं चाक. तेच चाक. तेच चाक जरा जवळून. मग एकदम सगळं जग तिरकं, कारण साहेबांनी पाय वर केला होता, आणि खरं सांगू का, त्यातल्या त्यात कलात्मक म्हणावा असा तो एकच फोटो.

बाकी कुत्र्याच्या नजरेतून वगैरे म्हणायला ठीक आहे हो, पण त्याला दिसतं निळं आणि पिवळं, लाल-हिरवं सगळं मळकट. मी हौसेने घरातल्या एका फोटोतले रंग तसे करून दाखवले तर बायकोची लाल पैठणी शेणकुटाच्या रंगाची झाली आणि पुढचा अर्धा तास फोटोग्राफीवर चर्चा झाली नाही. त्यात कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारे रिसेप्टर 30 कोटींपर्यंत असतात आणि आपल्याकडे जेमतेम 50-60 लाख, म्हणजे त्या चाकावर बंड्याला जे काय कळलं ते कॅमेऱ्यात येणारच नव्हतं, आणि आलं असतं तरी मला बघायचं नव्हतं.

माणसं मात्र खालून फार खरी दिसतात. सगळ्यांना दोन-दोन हनुवट्या. सी विंगच्या काकू, ज्या एरवी मान कलती केल्याशिवाय फोटोला उभ्या राहत नाहीत, त्यांच्या नुसत्या नाकपुड्या आल्यात (डिलीट केल्या, काकू, शप्पथ).

खरी मजा पुढे. फिरून आल्यावर कॅमेरा काढायचा राहिला होता आणि बंड्या थेट डायनिंग टेबलाखाली. आता पार्श्वभूमी अशी की डॉक्टरांनी त्याचं वजन बघून तंबी दिलेली, वरचं खाणं एकदम बंद, आणि घरात सगळ्यांनी देवाशप्पथ सांगितलेलं की आम्ही काही देत नाही. टीव्हीवर टेबलाखालचा अंधार आला, पायांची गर्दी आली, आणि वरून अलगद उतरलेला एक हात, चिमटीत तुपाची पोळी, बोटात पोवळ्याची अंगठी.

"हे पोवळं कुणाचं?" आई.

बाबा, म्हणजे "घरात कुत्रं आलं तर मी गावी निघून जाईन" म्हणालेले आमचे बाबा, शांतपणे म्हणाले, "हल्ली एआयने काहीही करतात."

पुढच्या फोटोत हिरव्या बांगड्या आणि अख्खा बेसनाचा लाडू. आता बाबा टीव्हीच्या जवळ सरकले. त्याच्या पुढच्यात बायकोचं घड्याळ आणि उकडलेलं अंडं, आणि त्यानंतर एकाच फोटोत दोन बाजूंनी दोन हात, बंड्याला कुठे बघावं ते कळेना झालंय.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. "कुत्र्याला काही प्रायव्हसी असते की नाही?" आमच्या घरात एकमताने झालेला हा बहुतेक पहिलाच ठराव. कॅमेरा माळ्यावर गेला.

नंतर बंड्याला दाखवायला नेला, काट्यावर उभा केला, डॉक्टरांनी आकडा बघून चष्मा काढला आणि विचारलं, बाहेरचं काही खातो का हा?

"रस्त्यावरचं उचलतो हो डॉक्टर," आई-बाबा एका सुरात, "कितीही लक्ष ठेवा!"