नाळे बा, तम्मा

लायब्ररीचं 'नो ड्यूज' पाहिजे म्हणे, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला. आणि तेही आमच्या बेळगावच्या कॉलेजात, डिग्रीच्या पहिल्या सेमिस्टरच्या पोरांकडून! ज्यांना लायब्ररीचं कार्ड अजून मिळालेलं नाही, ज्यांनी त्या खोलीचं दार फक्त बाहेरून बघितलंय, त्यांनी आधी लिहून आणायचं की आमच्याकडं तुमचं एकही पुस्तक नाही. मगच परीक्षेचा फॉर्म घेणार.

आणि ही नोटीस लागली कधी, तर शनिवारी दुपारी चारला. त्या वेळेला कॉलेजात कोण असतं? कुत्री आणि एनएसएसचा फलक. कडोली, बेळगुंदी, खानापूरची पोरं दीड-दोनची गाडी धरून कधीच गेलेली. नोटीस कानडीत, हातानं लिहिलेली, काचेच्या आत, आणि काचेवर बाहेरून गेल्या वर्षीच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर. कुणा भल्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्यात नोटीस कमी आणि काचेत दिसणारा त्याचाच मोबाईल जास्त. कोनेय दिनांक, म्हणजे शेवटची तारीख, २२. म्हणजे सोमवार. त्यानंतर दंडासहित.

भाषेवरून आपल्याकडं इतकी वर्षं कोर्टकचेरी चाललीय, पण 'शुल्क' आणि 'दंड' हे दोन शब्द कानडीत आणि मराठीत अगदी एकच आहेत. त्यांना भाषांतर लागत नाही.

आता त्या नो ड्यूजकडं परत येतो, कारण ते डोक्यातून जातच नाही. लायब्ररीचं कार्ड का नाही? आयडी कार्ड नाही म्हणून. आयडी का नाही? त्यावर रजिस्ट्रेशन नंबर छापायचा असतो म्हणून. नंबर का नाही? विद्यापीठाची मंजुरी यायची आहे म्हणून. मंजुरी का नाही? कागद तपासायचे आहेत म्हणून. कागद कुठं आहेत? ऑफिसच्या कपाटात. म्हणजे पोराचे ओरिजिनल मार्क्सकार्ड, टीसी सगळं ह्यांच्याच ताब्यात, आणि पुस्तक बुडवल्याचा संशय पोरावर!

बरं, सही घ्यायला जावं तर तिथं काय होतं? लायब्ररीयन विचारतात, कार्ड नंबर काय. कार्ड नाही सर. मग नो ड्यूज कसं देऊ, रजिस्टरात तुझं नावच नाही. नाव नाही म्हणजेच ड्यूज नाहीत ना सर? नाव नाही त्याला सही नाही. ह्या वाक्याला न्यायशास्त्राच्या पुस्तकातही उत्तर नसेल, आणि असलं तर ते पुस्तक लायब्ररीत आहे. यातून सुटका एकच. ऑफिसात जायचं, 'सदर विद्यार्थ्यास कार्ड देण्यात आलेले नाही' असं एका ओळीचं पत्र घ्यायचं, त्यावर सुपरिटेंडेंटची सही, मग परत लायब्ररी, मग रजिस्टरात शेवटच्या पानावर नोंद, मग फॉर्मवर 'निल', मग सही. शिक्का लायब्ररीत नसतो. तो दुसऱ्या एका गृहस्थांच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि ते अकराला चहाला जातात. चहा बारापर्यंत चालतो.

एवढ्यावर भागत नाही. एकाच कागदावर पाच चौकोन. लायब्ररी, जिमखाना, लॅबोरेटरी, हॉस्टेल, ऑफिस. बी.कॉम.च्या पोरीनं केमिस्ट्रीच्या लॅबमधली परीक्षानळी फोडलेली नाही याचा दाखला. रोज उचगावहून ये-जा करणाऱ्यानं हॉस्टेलची गादी नेलेली नाही याचा दाखला. जिमखान्याचे सर तर सापडतच नाहीत. ते मैदानावर असतात, आणि मैदान पावसात असतं.

कर्नाटकात पूर्वी दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे अशी गोष्ट सांगतात. रात्री दार वाजवणारं भूत येतं, ते वाचतं, 'उद्या ये' म्हटलंय म्हणून गुमान परत जातं, आणि रोज तेच. आमच्या कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर हे लिहावंही लागत नाही, तोंडपाठ आहे. बरोबर वडील असले तर 'नाळे बर्री', एकटं पोरगं असलं तर 'नाळे बा, तम्मा'. पोरगी असली तर 'तंगी'. भाऊ म्हणायचं, बहीण म्हणायचं, आणि भुतासारखं परत पाठवायचं.

इथं एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी देईलच. वर मी तारीख २२ लिहिली. ती २३ आहे. कानडी दोन आणि कानडी तीन यांत फरक एका वळशाचा, आणि तो वळसा नेमका काचेतल्या त्या मोबाईलच्या सावलीत होता. शेजारच्या, बैलहोंगलच्या कानडी पोरानं हसून सांगितलं. म्हणजे तासभर घातलेल्या शिव्यांत एक पूर्ण दिवस जास्तीचा होता. तेवढ्या मागं घेतो. बाकीच्या तशाच ठेवतो, कारण तो बैलहोंगलचा नोटीस घडाघडा वाचतो आणि तरी सोमवारी रांगेत माझ्याच मागं उभा राहणार आहे. सहीला भाषा नसते, शिक्क्यालाही नसते.

आता पोर्टल. अर्ज ऑनलाईन आहे, म्हणून तो ऑनलाईन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, प्रिंटवर फोटो चिकटवायचा, पाच सह्या घ्यायच्या, आणि खिडकीत द्यायची. मग ऑनलाईन कशाला केलं? लॉगिन करा, विषय निवडा, फी भरा, बस्स. ऐकायला एवढंच. विषय निवडताना भाषेच्या रकान्यात मराठी घेतलेल्यांनी तीनदा बघा, तिथं दुसरंच काही येऊन बसलेलं असतं. ते तसंच सबमिट केलं की दुरुस्ती कॉलेजच्या लॉगिनमधून, आणि कॉलेजचं लॉगिन ज्यांच्याकडं आहे ते रजेवर. फी भरताना चाक फिरत राहतं, खात्यातून पैसे जातात आणि पोर्टलवर 'पेंडिंग'. अशा वेळी घाबरून परत भरू नका. दहापैकी सात जण परत भरतात. आधी बँकेचा व्यवहार नंबर लिहून घ्या, त्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि स्टेटस तपासायचं बटण थोड्या थोड्या वेळानं दाबत राहा. यूपीआयनं गेलेले पैसे दुकानदाराकडं पोचले नाहीत तर व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, आणि उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. नियम झकास आहे. फक्त पाच दिवसांनी पैसे परत येतात आणि दोन दिवसांत तारीख संपते, ह्यावर रिझर्व्ह बँक काय करणार!

ओटीपी हा तर वेगळाच छळ. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. वडील गोव्यात कामाला. दुपारी फोन करायचा, 'बाबा, मेसेज आलाय बघा', बाबा मचाणावर, हाताला सिमेंट. ते खाली उतरून चष्मा शोधेपर्यंत ओटीपी मेलेला. परत पाठव, परत तेच. तिसऱ्यांदा चुकलं की खातं लॉक. कॉलेजला जायच्या आधी, मे महिन्यात मोकळे असता तेव्हाच, आधारला स्वतःचा नंबर लावून घ्या. हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला वाटतं सगळ्यांना माहीत आहे.

आणि नाव! मारुती हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतं ते फक्त सीमाभागात कळतं. शाळेतल्या गुरुजींनी साधा 'टी' घातला. आधारवाल्यानं कानडी वळणानं 'टी'च्या मागं 'एच' बसवला. सविता, ज्योती, प्रीती सगळ्यांच्या नावात हा 'एच' कुठून तरी येऊन बसतो. मार्क्सकार्डावर आडनाव शेवटी, आधारवर आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा करायच्या ऑनलाईन खात्याचा नंबर, काढायला गेलात की डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं ॲप म्हणतं, नाव जुळत नाही. मग नोटरीकडं जाऊन, स्टॅम्पवर, 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं शपथेवर सांगायचं. अठराव्या वर्षी माणूस पहिली शपथ घेतो ती ही, की मी मीच आहे. त्यापेक्षा आधारच दहावीच्या मार्क्सकार्डाप्रमाणं करून घेतलेलं बरं. मार्क्सकार्ड बदलायला गेलात तर पदवीसुद्धा आधी मिळेल.

स्कॉलरशिपबद्दल थोडक्यात, नाहीतर रक्तदाब वाढतो. कानडीत तिला 'विद्यार्थी वेतन' म्हणतात. गावात आजीला वाटतं नातवाला पगार सुरू झाला. एसएसपीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, अर्ज करताना जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर छापलेला आरडी नंबर लागतो. 'आदाय' म्हणजे उत्पन्न, हे लक्षात ठेवा, अर्ध्या पोरांचं घोडं त्या एका शब्दावर अडतं. दाखला नाडकचेरीतून, म्हणजे गावाकडच्या महसूल ऑफिसातून, आणि त्याची मुदत संपली आहे का ते आधी बघा, कारण हायस्कुलात काढलेला दाखला नेमका डिग्रीच्या पहिल्या वर्षी मरतो. मराठा असाल तर इथं मागासवर्गाचा गट ३बी. चंदगडहून येणाऱ्यांनी महाराष्ट्राचा जातीचा दाखला घेऊन इथल्या आरक्षणाच्या रांगेत उभं राहू नये, तो चालत नाही. आणि अर्ज मंजूर होऊनही पैसे न येणारे सगळे एकाच खड्ड्यात पडलेले असतात. पैसे तुम्ही लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यात जातात. ते खातं बहुतेक पाचवी-सहावीत शाळेनं काढून दिलेलं, झिरो बॅलन्सचं, आता बंद पडलेलं. आधारच्या साईटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

अभ्यास? हां, तो पण असतो. कागदावर सोळा आठवडे. त्यातले तीन प्रवेश लांबल्यामुळं जातात, एक गणपतीत, आणि परीक्षा यायच्या सुमारास हलग्याच्या सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन, म्हणजे मोर्चे, बंदोबस्त, आणि गाड्या कुठून वळवल्यात ते देवाला ठाऊक. सीनियरच्या नोट्स घेऊन निवांत बसावं तर तेही नाही. २०२१-२२ ला नवीन शैक्षणिक धोरण आलं, चार वर्षांची ऑनर्स, ओपन इलेक्टिव्ह, काय काय. मग राज्यानं नेमलेल्या थोरात आयोगाचा अंतरिम अहवाल आला आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची डिग्री. सीनियरनं प्रेमानं दिलेली झेरॉक्सची चळत आता वडापाव बांधायच्या कामाची. विषयाचं नाव तेच, धडे वेगळे. झेरॉक्सवाल्यानं मात्र दोन्ही धोरणांत सारखाच धंदा केला.

आणि हजेरी ७५ टक्के पाहिजे! खिडकीपुढं घालवलेले तास कुठल्या विषयात धरता? पहिल्या तासाला यायचं तर टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलेलं. मालगाडी गेली, गेट उघडतंय असं वाटतं तोवर दुसरी बाजू लाल. गाडी तर गावाच्या थांब्यावर थांबतच नाही. ११ जून २०२३ पासून बायकांना प्रवास फुकट झाला, पोरांना सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पास. फुकटवाली आणि पासवाला दोघंही थांब्यावर हात करून उभे, आणि भरलेली गाडी दोघांनाही समान न्यायानं सोडून जाते. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीकडून येणाऱ्यांची तर सीमेवर कुणी खोकलं तरी एसटी बंद. डिसेंबर २०२२ ला दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या होत्या, तेव्हा हजेरीपत्रकावर 'सीमाप्रश्न' असा रकाना नव्हता. गैरहजर म्हणजे गैरहजर.

असो. सोमवारी काय घेऊन जायचं ते सांगतो, कारण मंगळवारवर भरवसा ठेवू नका, मंगळवारी सर्वर इल्लरी, म्हणजे सर्वर नाही हो. फॉर्मच्या तीन प्रती. फी भरल्याची पावती, तिच्या दोन. फोटो चार, मागं नाव लिहून. पेन निळं आणि काळं दोन्ही, कारण एका टेबलावर काळ्यानं भरलेलं परत देतात आणि पुढच्या टेबलावर निळ्यानं. फोटोला स्टेपलर मारू नका, पिन नेमकी कपाळात जाते आणि फॉर्म परत. साडेनऊला आधी लायब्ररी नाही, आधी ऑफिस, ते एका ओळीचं पत्र. मग लायब्ररी. शिक्केवाल्यांना अकराच्या आत गाठायचं. जिमखान्याच्या सरांची गाडी पार्किंगमध्ये दिसली तर रांग सोडून पळायचं, रांग परत मिळते, सर मिळत नाहीत.

आणि डिंक. दीडशे पोरं चार-चार फोटो घेऊन येतात आणि डिंक एकाजवळही नसतो, मग अख्खी रांग एका वाळलेल्या बाटलीच्या टोपणात काडी घालून खरवडत बसते.