गावाच्या नावावरचे कोटी: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: केंद्राच्या पैशाचे वाटप सुचवणाऱ्या वित्त आयोगातून प्रत्येक गावाला दरवर्षी कोट्यवधी रुपये येतात, ते कुठे खर्च करायचे हे सरपंच एकटा ठरवतो, किती पैसे आले ते सरकारी संकेतस्थळावर स्पष्ट दिसते, तेव्हा पाहा आणि जाब विचारा, आणि एवढा पैसा येत असताना घरपट्टी, पाणीपट्टी भरण्याचे कारणच काय? जाब विचारण्याचा सल्ला सोडला, तर यातले प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे. तो एक चांगला सल्लाही बाकीच्या चुकांमुळे वाया जातो, कारण कोटीचा हिशेब मागायला गेलेल्या माणसाला ‘कोटी आलेच नाहीत’ या खऱ्या उत्तरावर परत पाठवता येते आणि आलेल्या लाखांचा हिशेब तसाच राहून जातो.

आधी कोटींचे पाहू. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या पाच वर्षांत देशभरातील ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. रक्कम अवाढव्य दिसते खरी, पण ती पाच वर्षांची आणि तिन्ही स्तरांची मिळून आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 83 कोटी होती. त्या हिशेबाने ही रक्कम वर्षाला माणशी पावणेसहाशे रुपयांच्या आत-बाहेर पडते. महाराष्ट्रात तिचे जिल्हा परिषदेला 10 टक्के, पंचायत समितीला 10 टक्के आणि ग्रामपंचायतीला 80 टक्के असे वाटप ठरले. राज्याराज्यांचा वाटा कमीअधिक असल्याने आपण दावा करणाऱ्यांच्या बाजूने थोडे झुकते माप देऊ आणि ग्रामपंचायतीच्या पदरात माणशी पूर्ण 600 रुपये पडतात असे धरू. दीड हजार वस्तीच्या गावाला तेव्हा वर्षाला 9 लाख आणि पाच वर्षांत 45 लाख मिळतात. म्हणजे सरपंचाची मुदत संपली तरी एक कोटी पुरे होत नाहीत. वीस हजार वस्तीच्या मोठ्या ग्रामपंचायतीचा वार्षिक आकडा याच हिशेबाने कोटीपलीकडे जाईल. मात्र मजकुरात ‘प्रत्येक गाव’ म्हटले आहे.

दुसरे विधान सरपंचाच्या मर्जीचे. पंधराव्या आयोगाच्या 2021-26 या काळात या 9 लाखांपैकी 60 टक्के, म्हणजे 5 लाख 40 हजार रुपये, बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, होते: निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले 3 लाख 60 हजार अबंधित असले, तरी त्यातून पगार आणि आस्थापनेचा (कार्यालय चालवण्याचा) खर्च करता येत नाही. कामे आधी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या कार्यक्रमाखालील वार्षिक आराखड्यात यावी लागतात आणि त्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. पैसे काढतानाही सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे आहे) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. स्वाक्षरीसाठी संगणकाला जोडायचा डोंगल सरपंचाच्या खिशाऐवजी भलत्याच माणसाच्या ड्रॉवरमध्ये सापडतो, ही अनेक गावांतली उघड गोष्ट आहे, विशेषतः जिथे सरपंच महिला असून कारभार घरातले पुरुष पाहतात तिथे. गैरप्रकार म्हणायचा तर हा आहे, आणि तो एकट्या सरपंचाने होत नाही. दुसऱ्या स्वाक्षरीचा धनी त्यात तितकाच जबाबदार असतो. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात मात्र त्याचे नावही नसते.

याच मजकुराच्या काही प्रतींत सरपंचाच्या ‘गलेलठ्ठ पगारा’चीही भर असते. सप्टेंबर 2024 मध्ये मानधन दुप्पट झाल्यानंतरही दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावाच्या सरपंचाला महिन्याला 6,000 रुपये मिळतात. त्यापूर्वी 3,000 मिळत. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

संकेतस्थळावरील आकड्यांचा गोंधळ जास्त गंभीर आहे, कारण तिथे पुरावा दिल्याचा आभास होतो. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या आराखड्यांच्या आणि हिशेबांच्या सरकारी संकेतस्थळावर गावाचे नाव टाकले की आराखड्यातील कामांची यादी उघडते आणि प्रत्येक कामासमोर रक्कम दिसते. ती अंदाजित रक्कम असते. आराखड्यात काम घेतले म्हणजे निधी आला असे होत नाही, आणि निधी आला म्हणजे खर्च झाला असेही नाही. तरीही आराखड्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून, सगळ्या ओळींची बेरीज मारून, ‘एवढे खाल्ले’ असे खाली लिहून तो पुढे ढकलला जातो. ज्याला खरोखर पाहायचे आहे त्याने त्याच ठिकाणी प्राप्त निधी आणि झालेला खर्च यांचे स्वतंत्र अहवाल उघडावेत; तेथील आकडे आराखड्याशी क्वचितच जुळतील.

त्यात आणखी एक भर पडते. गावात होणारे प्रत्येक काम ग्रामपंचायतीच्या खात्यातून होत नाही. आमदार निधीतला सभामंडप, लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने येणारी ‘पंचवीस-पंधरा’ची (2515 या लेखाशीर्षाखालील) कामे, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा रस्ता, जलजीवन मिशन या घरोघरी नळाच्या योजनेतील पाण्याची टाकी यांचे पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात आणि त्यांची यंत्रणाही अनेकदा वेगळी असते. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर योजनेचे आणि कार्यान्वयन यंत्रणेचे नाव असते, किंवा असायला हवे. पंचवीस लाखांच्या रस्त्याचा फलक पाहून सरपंचाला जाब विचारणारा माणूस बऱ्याचदा चुकीच्या दारावर उभा असतो, आणि ज्या कार्यालयात त्याने जायला हवे तिथे कोणीच फिरकत नाही.

आता घरपट्टीचे. सर्वांत जास्त नुकसान हे विधान करते, विशेषतः लहान गावांत. वर सांगितल्याप्रमाणे वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही. सकाळी व्हॉल्व्ह सोडणारा आणि टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणारा पाणीपुरवठा कर्मचारी, तसेच कार्यालयाचा शिपाई यांच्या वेतनातला ग्रामपंचायतीचा हिस्सा ग्रामनिधीतूनच, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या खात्यातूनच, जातो, आणि ग्रामनिधीचा मुख्य आधार घरपट्टी, पाणीपट्टी व दिवाबत्ती कर हाच असतो. वित्त आयोगाचे हप्ते आपल्या वेळेने येतात; विहिरीवरची मोटार जळण्याला वेळापत्रक नसते. ती त्याच दिवशी रिवाइंडिंगला टाकायची, तर गाठीला रोकड लागते, आणि ती नसली की चार-सहा दिवस बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. जलजीवन मिशनने नळ दिला म्हणून पाणीपट्टी माफ, असाही एक उपदावा ऐकू येतो. योजनेतून टाकी आणि नळजोडण्या होतात; हस्तांतरणानंतर ती चालवणे, वीजबिल भरणे आणि दुरुस्ती हे गावाकडेच येते.

शिवाय या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. वसुलीच झाली नाही, तर हे टक्के शून्याचे होतात. कर बुडवणारा सरपंचाला धडा शिकवत असल्याच्या समजुतीत असतो. प्रत्यक्षात दिव्यांगांसाठीची रक्कम कमी होते. कायद्याने ग्रामपंचायत सदस्यालाही कर भरण्यातून सूट दिलेली नाही: मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली अपात्र ठरू शकतो. ‘पट्टी भरू नका’ असे सांगणाऱ्या इच्छुक उमेदवाराची स्वतःची थकबाकी नमुना नंबर 9 च्या मागणी नोंदवहीत पाहून घ्यायला हरकत नाही.

ग्रामसभा केवळ कागदावर होते, हा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे दुसऱ्या सभेला मोजकी मंडळी बसतात, प्रोसिडिंग लिहिले जाते आणि मग सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरते. आपण सभेला गेलो नव्हतो तर अशी सही नाकारणे प्रत्येकाच्या हातात आहे.

हिशेब मागायचाच असेल तर प्रश्न नेमका असावा. गावठाणातला काँक्रीट रस्ता कागदावर सहा इंचांचा आणि जागेवर चार इंचांचा आहे अशी शंका असेल, तर त्या एका कामाचे अंदाजपत्रक, अभियंत्याने नोंदी केलेली मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. रस्त्याच्या उघड्या कडेला पट्टी लावून ती कोणालाही ताडून पाहता येते.